सात लांडगे परवडले

व्होल्गा बंद पडली की झूरा गाडीतून खाली उतरत नसे. "लग्नाच्या दिवशी एकदा उतरले, पांढऱ्या झग्यात ढकलली, तेवढं या जन्माला पुरे," असं म्हणायची आणि मागच्या सीटवर शाल लपेटून बसून राहायची. गाडी तेव्हा सामुदायिक शेताच्या अध्यक्षाची होती, लग्नापुरती उसनी आणलेली. पुढे सरकार बुडालं, शेत बुडालं, अध्यक्षही बुडायच्या बेतात आला, तेव्हा एसेनकुलने बारा मेंढ्या देऊन ती विकत घेतली. बारा मेंढ्यांत मोटार मिळाली म्हणून तो खूश होता. त्या बारा मेंढ्यांसाठी झूरा अजून हळहळते.

दुधी रंगाची, गोल पाठीची गाडी, आणि नाकावर उडी मारणारं चकचकीत हरीण. एसेनकुल त्या हरणाला रोज सकाळी दंतमंजनाने घासायचा. स्वतःचे दात त्याने इतक्या निगुतीने कधी घासले नाहीत, त्यामुळे पासष्टाव्या वर्षी हरीण धडधाकट होतं आणि मालकाच्या तोंडात चार सोन्याचे दात सोडले तर बाकी वारा. कोचकोरच्या आसपास कुठेही लग्न असलं की नवरी आणायला व्होल्गाच लागायची. नवरी उतरली की एसेनकुलला दारासमोरच्या भिंतीशी, मानाच्या जागी बसवत आणि मेंढीचं मानाचं हाड त्याच्या ताटात पडे. जन्मभर ट्रॅक्टरची दुरुस्ती केलेला माणूस तो. ट्रॅक्टरवाल्याला मानाचं हाड कोणी देत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. व्होल्गा गेली की आपण दाराजवळ, बुटांच्या शेजारी, ही धास्ती त्याच्या पोटात कायम असे. बायकोला त्याने ती कधी सांगितली नाही, कारण तिने आधीच ओळखली असणार अशी त्याला शंका होती.

पण घरात भिंतीशी एक पाळणा उभा होता, आणि त्याच्यापुढे व्होल्गाचं काही चालत नव्हतं.

लेकीच्या बाळाला पाळण्यात घालायचा मान आईच्या आईचा, आणि पाळणाही तिनेच न्यायचा. त्यांची धाकटी, केंजेगुल, दोलोन घाटापलीकडे नारीनला दिलेली. दोन वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली तेव्हा झूरा पाळणा घेऊन व्होल्गातून निघाली आणि व्होल्गाने घाटात, माथ्याच्या अलीकडच्या वळणावर, देह ठेवला. वय झालेलं, थंडी कडाक्याची, आणि हीटर फक्त उन्हाळ्यात चालणारा. दोघं पोचली ती दुसऱ्या दिवशी. तोवर विहीणबाईंनी, म्हणजे राबियाने, स्वतःच्या घरचा पाळणा काढून, स्वतःच्या हाताने नातीला त्यात बांधून, वर पाहुण्यांना जेवूखाऊ घालून वाटेलाही लावलं होतं. "तुमचाही चांगला आहे हो," राबिया म्हणाली, "कांदे ठेवायला होईल." झूराने पाळणा उचलला आणि तसाच घरी परत आणला. तेव्हापासून तो भिंतीशी उभा होता आणि एसेनकुल त्याच्याकडे पाठ करून जेवायचा.

उन्हाळ्याच्या शेवटी केंजेगुलचा फोन आला की पुन्हा पाळण्याची वेळ येणार आहे, आणि तीही ऐन हिवाळ्यात. झूराने फोन ठेवला आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"म्हातारबुवा, गाडी घ्यायची."

"आहे की गाडी."

"गाडी म्हणजे जी जाते ती. तुमची ती समाधी आहे, चाकं लावलेली. या खेपेला मी वेळेवर पोचले नाही ना, तर तुम्हालाच त्या पाळण्यात बांधीन आणि चू नदीत सोडून देईन. तिथेही राबियाच काढेल तुम्हाला."

दोन गाई आणि एक शिंगरू विकलं गेलं, आणि मेदेर नावाच्या बिश्केकच्या माणसाला व्होल्गा विकायचा शब्द दिला गेला. मेदेर शहरातल्या लग्नांत फोटोसाठी जुन्या गाड्या भाड्याने द्यायचा. व्होल्गा त्याला एवढी आवडली की फोनवरच त्याचा आवाज ओला झाला. त्याच्या पैशातून गाई परत घ्यायच्या, असा झूराचा हिशेब. महिनाअखेरच्या शनिवारी नव्या गाडीला वडीलधाऱ्यांची दुवा मिळणार होती, आणि त्याच दिवशी मेदेर ट्रक घेऊन व्होल्गा न्यायला येणार होता.

नवी म्हणजे नऊ वर्षं जुनी, कोरियाहून आलेली राखाडी सेडान. बिश्केकच्या गाडीबाजारातून घरी येताना झूरा पुढच्या सीटवर बसली होती, पाय गरम हवेत, डोळे अर्धे मिटलेले, दूध प्यालेल्या मांजरीसारखी. तेवढ्यात गाडीतून एक बाई बोलली. मंजुळ, शांत, कोरियन भाषेत.

"ही कोण?" झूराने डोळे उघडले.

"गाडीतली आहे. पट्टा बांधा म्हणते बहुतेक." आणि एसेनकुलने मुकाट्याने पट्टा बांधला.

"वा! चाळीस वर्षं मी बोलतेय, एक शब्द ऐकला नाहीत. हिची भाषा कळत नाही तरी ऐकता."

"भाषा कळत नाही म्हणूनच ऐकतो," तो म्हणाला आणि पुढचे वीस मैल फक्त कोरियन बाई बोलली.

गाडी उत्तम होती हे त्याला मान्यच करावं लागलं. किल्ली फिरवली की सुरू व्हायची, ही गोष्ट सोडली तर तिच्यात दोष नव्हता. दोष नाही तर दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही तर फाटकाशी जमणारी माणसं नाहीत, सल्ले नाहीत, एकमेकांच्या अकलेचा उद्धार नाही. आणि तशा राखाडी सेडान गावात आधीच अकरा होत्या, बहुतेक नारीनची भाडी मारणाऱ्या. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम गावातून सावकाश फिरला. एरवी व्होल्गा दिसली की म्हातारे छातीला हात लावत आणि पोरं मागे धावत. आज कुत्रंही उठलं नाही. शेवटी दुकानापाशी ओरोझबाय आकेंनी हात केला. गावातले सगळ्यात ज्येष्ठ, चौऱ्यांशी वर्षांचे, म्हणून सगळ्यांचे 'आके'. एसेनकुलचा जीव भांड्यात पडला. त्याने काच खाली केली.

"नारीनला किती घेणार?" ओरोझबाय आकेंनी विचारलं.

"आके, मी एसेनकुल."

"असशील बाबा. पण घेणार किती?"

त्या दिवशी एसेनकुल जेवला नाही. व्होल्गाच्या बोनेटवर हात ठेवून अंगणात उभा राहिला, आणि उभ्या उभ्या त्याला त्याच्या जेएनची आठवण झाली.

जेएन म्हणजे आपल्या घरातल्या मुलीचं पोर, मग ती बहीण असो की लेक. मुलगी दुसऱ्याच्या घरी जाते, आणि तिची पोरं त्याचा सूड घ्यायला परत येतात. जेएनने मामा-आजोबांच्या घरी जन्मात तीन वेळा काहीही मागावं आणि त्याला नाही म्हणू नये, म्हटलं तर हात थरथरायला लागतात, अशी वहिवाट. म्हणूनच तिकडे म्हणतात, जेएन येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले. एसेनकुलच्या बहिणीचा मुलगा शायलोबेक हा एकटाच सातांच्या बरोबरीचा होता. निवडणुकीच्या दिवशी जन्मला म्हणून नाव शायलोबेक, निवडणूकवीर. आणि निवडून आलेल्या माणसासारखाच दिसेल ते आपलं समजायचा. बाराव्या वर्षी त्याने मामाचा करडा घोडा मागितला होता, लग्नात भिंतीवरचा गालिचा. तिसरी मागणी अजून शिल्लक होती.

एसेनकुलने त्याला नदीकाठी गाठलं.

"शनिवारी सगळ्यांसमोर उठायचं," तो म्हणाला, "आणि तिसरी मागणी करायची. व्होल्गा."

"मला कशाला व्होल्गा?" शायलोबेक घाबरून म्हणाला.

"तुला नाही रे गाढवा. मागायची तू, आणि ठेवायची माझ्या अंगणात. जागा नाही म्हणून सांग. जेएनने मागितलेली वस्तू मामाला विकता येत नाही, मेदेर परत जाईल, मामीला बोलता येणार नाही. राखाडी गाडी मामीला, व्होल्गा मला. तुला एक मेंढा."

"म्हणजे तुम्ही मामीला फसवणार."

"वहिवाट पाळणार."

शायलोबेकने बराच वेळ नदीकडे पाहिलं. तो विचार करतोय हे एसेनकुलच्या लक्षात यायला हवं होतं, पण भाच्याला असं काही करताना त्याने पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं.

शनिवारी मेंढी कापली गेली. शेजारीपाजारी जमले, मेदेर रिकामा ट्रक घेऊन आला आणि व्होल्गाभोवती सासरी न्यायला आल्यासारखा फिरू लागला. झूराने पाळण्याला नवी लाल फीत बांधून तो उघड्या दाराशी, सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता. ओरोझबाय आकेंनी नव्या गाडीसमोर तळवे उघडले. "चाक फिरतं राहो, काच शाबूत राहो, आत बसणारा म्हातारा होवो आणि वाटेतल्या पोलिसाची नजर अधू होवो." सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. तेवढ्यात शायलोबेक उठला.

"मामा, घोडा मागितला, तुम्ही दिला. गालिचा मागितला, दिला. आज तिसरं मागतो, आणि शेवटचं."

"नको रे!" एसेनकुलने छातीला हात लावला. हे त्याने गोठ्यात दोनदा करून पाहिलं होतं. "इतक्या वर्षांची माझी सोबतीण! जीव माग, पण ती नको!"

"अजून मी काही मागितलंच नाही मामा."

लोक हसले. एसेनकुलने हात खाली घेतला.

"ती द्या," शायलोबेक म्हणाला, आणि त्याचं बोट व्होल्गाच्या हरणावरून पुढे, पुढे सरकत राखाडी सेडानवर जाऊन थांबलं.

अंगणात कोणी चावायचंही थांबलं नाही. मोठी मागणी होती, पण मागणीच होती. ओरोझबाय आकेंनी हाडातला मगज शोषून घेत मान डोलावली. एसेनकुल तोंड उघडं टाकून उभा राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. नाही म्हणावं तर गावासमोर नाक जातं, हो म्हणावं तर गाडी. नाक जुनं होतं आणि गाडी नवी, तरी त्याने नाक राखलं. किल्ली दिली. आणि मग त्याने झूराकडे पाहिलं.

झूरा भांडेल असं त्याला वाटलं होतं. ती भाच्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडेही नाही. पाळण्यावर बांधलेली लाल फीत सैल झाली होती, ती तिने पुन्हा घट्ट केली आणि पाळणा उचलून आत नेला. एसेनकुलला स्वतःची लाज वाटली. खरी, आतून, कानाच्या पाळ्या तापवणारी लाज. ती पाच मिनिटं टिकली.

कारण तेवढ्यात मेदेर म्हणाला, "चला, मग मी माझी घेतो," आणि ट्रकची फळी खाली पाडली.

"थांबा!" एसेनकुल ओरडला. "एका दिवसात एका अंगणातून दोन चाकं बाहेर जात नाहीत. घर ओस पडतं. म्हण आहे जुनी. नाही का हो आके?"

अशी म्हण ओरोझबाय आकेंनी कधी ऐकली नव्हती. पण चौऱ्यांशी वर्षं झाल्यावर आपल्याला म्हण माहीत नाही असं कबूल कसं करायचं? "आहे," ते म्हणाले. "माझे आजोबा म्हणायचे." मेदेर पोटात मेंढी आणि ट्रकमध्ये हवा घेऊन परत गेला.

मागे गोठ्यापाशी एसेनकुलने भाच्याची कॉलर धरली. "काय ठरलं होतं?"

"मामा, शांतपणे विचार करा," शायलोबेक म्हणाला. "जन्मात तीन मागण्या. शेवटची कोणी व्होल्गावर उडवतो का? तुम्ही उडवली असती?"

एसेनकुलने शांतपणे विचार केला आणि कॉलर सोडली.

व्होल्गा राहिली; मेदेरने फोन केला की एसेनकुलला दर वेळी नवी म्हण आठवे. म्हणजे त्याला हवं होतं तेच झालं, आणि वर दोन गाई, एक शिंगरू, एक सेडान आणि बायको गेली. बायको घरातच होती, पण चहातून कळत होतं. चहाची वाडगी अर्धी भरायची असते, म्हणजे माणसाने ती पुन्हा पुन्हा पुढे करावी आणि आपण पुन्हा पुन्हा गरम ओतावा. काठोकाठ भरली की अर्थ एकच, प्या आणि निघा. झूरा रोज सकाळ-संध्याकाळ त्याची वाडगी काठोकाठ भरू लागली. एकदा तर थेंब वर फुगून उभा राहिला, सांडलाही नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिने हे कधी केलं नव्हतं, कोळसा संपला तेव्हा नाही की तो दारू पिऊन नदीत पडला तेव्हाही नाही.

"सोड ना आता," तो एकदा म्हणाला. "नशिबाचा खेळ. जेएनपुढे कोणाचं चाललंय?"

"चहा घ्या," झूरा म्हणाली आणि भरलेल्या वाडगीत आणखी ओतला.

हिवाळ्यात केंजेगुलला मुलगा झाला. राबियाने फोन करून पाळण्याचा दिवस सांगितला आणि वर म्हणाली, "तुम्हाला जमलं तर या हो. आमचा पाळणा पुसून ठेवलाय." झूराने "येतो" एवढंच म्हटलं. मेंढीच्या कातड्यांनी व्होल्गाचं तोंड झाकलं गेलं, विटा तापवून बनातीत गुंडाळून पायाशी ठेवल्या गेल्या, पाळणा मागच्या सीटवर आडवा, त्याला धरून झूरा. एसेनकुल सगळी वाट इंजिनाशी बोलत होता. त्यातले काही शब्द लाडाचे होते.

घाटात, माथ्याच्या अलीकडच्या वळणावर, व्होल्गा थांबली.

वारा सुटला होता. एसेनकुलने बोनेट उघडलं, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. आतून झूराचा आवाज आला. बऱ्याच दिवसांत प्रथमच ती एवढं लांब वाक्य बोलली. "आता तर ही जागा पाळण्यालाही ओळखू येते."

रस्त्यावरून भुरभुरत्या बर्फाची पांढरी पट्टी सरकत होती. एक ट्रक न थांबता गेला. पाळण्यावर हात ठेवून झूरा बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. रडत नव्हती. राबियाला काय सांगायचं त्याची ती तयारी करत असावी. एसेनकुलला वाटलं, आत्ता कोणी व्होल्गा मागितली तर देऊन टाकावी. पण त्या घाटात मागणारं कोणी नव्हतं.

मग खालून एक राखाडी सेडान आली आणि थांबली. काच खाली गेली. गरम हवेचा झोत आला आणि त्यात शायलोबेकचं गोल तोंड. गाडी मिळाल्यापासून तो कोचकोर-नारीन भाडी मारत होता. मागे तीन बायका दाटीवाटीने बसलेल्या.

"या, या," झूरा म्हणाली. "सात लांडग्यांचे पुढारी. माझ्याच गाडीत मला भाडं सांगणार का रे?"

शायलोबेक दुखावला. सगळं गाव त्याला तेच म्हणत होतं, पण मामीने म्हणावं हे त्याला सहन झालं नाही. "मला का बोलता मामी? मामांनीच उठवलं मला. व्होल्गा माग म्हणाले, म्हणजे विकावी लागणार नाही. मेंढा कबूल केला होता, तोही दिला नाही. मी फक्त गाडी बदलली."

बोनेटखाली एसेनकुल एका नटाकडे फार बारकाईने पाहू लागला. तो नट ठीक होता.

झूरा बंद पडलेल्या व्होल्गातून खाली उतरली. लग्नानंतर पहिल्यांदाच. तिने पाळणा उचलून मागच्या बायकांच्या मांडीवर ठेवला, पुढे जाऊन बसली आणि दार लावलं.

"मामा, एका बाईंना उतरवू का?" शायलोबेकने विचारलं. "तुम्ही बसा."

"कोणाला उतरवू नकोस," झूरा म्हणाली. "त्यांनी निवडलीय त्यांची गाडी. राहू दे तिच्यापाशी."

आतून कोरियन बाई काहीतरी म्हणाली. झूराने पट्टा बांधला. गाडी वळणापलीकडे गेली.

एसेनकुल एकटाच राहिला. रागावावं तर कोणावर? हरणावर बर्फ जमत होता. तो त्याने बाहीने पुसला, पुन्हा जमला, पुन्हा पुसला. "बघतेस ना," तो व्होल्गाला म्हणाला, "तुझ्यापायी काय काय केलं मी." आणि ते मोठ्याने ऐकल्यावर त्याला फार ओशाळल्यासारखं झालं. कारण व्होल्गाने कधीच काही मागितलं नव्हतं. मागितलं होतं ते झूराने, आणि तेही एकदाच, पाय गरम ठेवणारी आणि वेळेवर पोचवणारी गाडी. अखेर कोळशाचा एक ट्रक थांबला. दोर बांधताना हरणाला धक्का लागेल म्हणून एसेनकुलने ते पान्याने सोडवून कोटाच्या खिशात टाकलं.

नारीनला राबियाच्या अंगणात तो दोराच्या टोकाला, कोळशाच्या धुळीने काळा होऊन पोचला तेव्हा आत धुपाचा वास भरला होता. त्याने दारातून पाहिलं. मधोमध लाल फितीचा पाळणा होता आणि त्यात बाळ झोपलं होतं, झूराच्या हातचं बांधलेलं, रिवाजाप्रमाणे आधी मुद्दाम उलटं ठेवून, बायकांनी तीनदा "उलटं, उलटं" ओरडल्यावर सुलटं केलेलं. राबियाचा पाळणा कोपऱ्यात पुसलेला उभा होता. राबिया गोड हसत होती, त्यावरून तिला किती लागलंय ते कळत होतं. आणि झूरा मानाच्या जागी बसली होती, गाल लाल, पाठ ताठ. एवढी देखणी ती त्याला फार दिवसांनी दिसली.

त्याला कोणी पुढे बोलावलं नाही. तो दाराजवळ, बुटांच्या शेजारी बसला. जन्मभर ज्याची धास्ती घेतली ती जागा अशी होती तर. खालून गार वारा येत होता, पण बसता येत होतं.

झूराने बाळ पाळण्यातून सोडवून मांडीवर घेतलं आणि उभी राहिली.

"वडीलधाऱ्यांनो, ऐका. जेएन पहिल्यांदा आजोबांना भेटतोय. त्याला काही मागायचंय."

एसेनकुलने बाळाच्या मुठींकडे पाहिलं.

"बाराच दिवसांचा आहे तो," तो म्हणाला. "त्याला बोलता कुठे येतं?"

"मी त्याचं तोंड. तुम्हीच म्हणालात ना, जेएनपुढे कोणाचं चाललंय म्हणून? त्याला व्होल्गा हवी."

कोणीतरी हसलं, आणि थांबलं. झूरा त्याच्यासमोर येऊन उभी होती. भांडणाचा आवाज नव्हता तिचा. "मी मेदेरला फोन केलाय, उद्या ट्रक घेऊन इथे येतोय. व्होल्गा त्याला जाईल आणि जेएनच्या पैशातून आजीसाठी सेडान येईल. म्हणजे आजीला जेएनला भेटायला येता येईल. चालवायला कोणीतरी म्हातारा बघू."

नाही म्हणता येत नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे नाही म्हणावंसंही वाटत नव्हतं. त्याने खिशातून किल्ली काढली. बाळाने हात पसरला नव्हता, तो फक्त मुठी हवेत फेकत होता. पण किल्ली तळव्याला लागताच त्याने ती घट्ट धरली, अशी की ओढून पाहिली तरी सुटेना, आणि सरळ तोंडात घातली.

"एकही दात नाही," एसेनकुल म्हणाला, "आणि गाडी खाल्ली. याच्यापेक्षा लांडगे परवडले."

सगळे हसले, दाराशी उभा असलेला शायलोबेकही. त्याला आपला मेंढा आठवत असावा.

"आणि खिशात काय जड लोंबतंय?" झूराने विचारलं.

"हरीण." त्याने खिशावर हात ठेवला. "ते मागितलेलं नाही. मागितली ती गाडी. गावात अकरा राखाड्या गाड्या आहेत, बारावी कोणाची ते लोकांना कळायला नको?"

झूराने क्षणभर बाळाकडे पाहिलं, त्याचं मत घेतल्यासारखं. "असू दे," ती म्हणाली.

"पण मागण्या दोन शिल्लक आहेत हो त्याच्या," राबियाने मागून आठवण करून दिली.

झूराने बाळ तिच्याकडे दिलं आणि चहाच्या किटलीपाशी जाऊन बसली. "इकडे या वर," ती नवऱ्याला म्हणाली, "तिथे गार लागेल." तो कोळशाच्या धुळीसकट उठला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला. तिने वाडगी घेतली, ओतली, दोन्ही हातांनी पुढे केली. त्याने आत पाहिलं. वाडगी अर्धीच होती. तो हळूहळू प्याला, आणि रिकामी झाल्यावर पुन्हा पुढे केली.